कांताबाईची उशी

वणी, १२ जुलै २०१७

जीशान्या,

पोहोचलो. मोबाईल मात्र गेला. वर्धेच्या पुलावर गाड्यायची रांग लागली होती, खाली नदी फुगलेली, मी फोटो काढाले वाकलो अन् नदीनं मोबाईलच मागून घेतला. उत्तमसिंग हसून हसून स्टेअरिंगवर पडला. हा उत्तमसिंग म्हणजे ज्याच्या ट्रकवर मी सध्या आहो तो. कोळसा वाहतो. माणूस बरा आहे, फक्त गाणं म्हणते तेव्हा गाडीतून उडी माराविशी वाटते.

नवा मोबाईल घेणार नाही. घरून दिवसातून चारदा एकच प्रश्न, बी.ए. कधी पुरं करतोस. बाबा रिटायर झाले, पण त्यायच्यातला हेडक्लार्क काही रिटायर झाला नाही. तू पत्र टाक. खाली उत्तमसिंगच्या ऑफिसचा पत्ता लिहिला आहे. गाडी परत आली की मले भेटन.

इथं सगळंच काळं आहे बे. बगळासुद्धा काळा. काल एका झाडाखाली बसलो तर झाडच अंगावर झडलं, पानावरची कोळशाची भुकटी. तुमच्या पिंजण्याच्या शेडमधून निघालो तेव्हा रुईनं पांढरा होतो, आता पाहशील तर ओळखणार नाही.

हां, मुद्द्याचं राह्यलंच. दुकानाचं काय? मी निघालो त्याच दिवशी आपलं ‘नरम’ इंटरनेटवर चालू झालं. बटन तू दाबलं, पेढे मी खाल्ले. एखादी उशी गेली का? तुझी अम्मी, आपली जेबाचाची, उशी भरत होती तवा मी तिचा एक फोटो काढलता, तो तुझ्या कॉम्प्युटरात टाकून आलो आहो. पाहून घे. उजेड काय पडला होता त्यात!

नजीरचाचाले सलाम.

पियूष


लोहारा (यवतमाळ), २६ जुलै

पियूष,

नदीनं मोबाईलच घेतला, तुले नाही घेतलं, शुकर आहे.

विक्री विचारतो? दोन उश्या गेल्या. एक बोरी अरबच्या मामूनं घेतली, तो तर माझा सख्खा मामू. दुसरी नागपूरच्या एका माणसानं मागवली अन् परत पाठवली. कारण लिहिलं, ‘जड आहे.’ अब्बा म्हणे, “रुईची उशी जड नाही राहीन तर काय हवेची राहीन?” फोमवर झोपणारे लोक आहेत हे.

मी सूट देऊन पाह्यली. डिलिव्हरी फुकट केली. ओळखीच्यायले हातापाया पडून चांगलं लिहाले लावलं. लोक येतात, पाहतात, जातात. अब्बा रोज दुपारी मागून येऊन उभे राहतात. “काय म्हणते तुझं दुकान?” मी म्हणतो, आज इतक्या लोकायनं पाह्यलं. ते म्हणतात, “अरे, उशी पाहाची चीज आहे का? दाबून पाहा लागते. डोकं ठेवून पाहा लागते.”

तुले माहीतच आहे सगळं. गल्लीतली गिऱ्हाईकं कवाचीच संपली. पिंजण्याची मशीन आठवड्यातून एखाद दिवस चालते. कबाडी दोनदा येऊन पाहून गेला. लोहाऱ्यातल्याच एका कारखान्यात अब्बाले चौकीदारी देतो म्हणतात. तीन पिढ्या पिंजारी, अन् हा माणूस आता दुसऱ्याच्या गेटवर डंडा घेऊन बसन? मी त्यायच्या हातापाया पडून सांगितलं, दिवाळीपर्यंत मशीन विकू नका. तोवर रोजची विक्री लावून देतो. रोजची पाहिजे, पियूष. एका दिवशी वीस अन् मग महिनाभर फाका, त्यानं मशीन वाचत नाही.

तू शाळेत निबंधात पहिला येत होता. काही सुचव.

जीशान


चंद्रपूर, १४ ऑगस्ट

जीशान्या,

तुझं पत्र वणीले घेतलं, वाचलं इथं, अन् उत्तर एका ढाब्यावर लिहून राह्यलो. ढाबेवाल्याकडे एक मुका पोपट आहे. विकणाऱ्यानं बोलतो म्हणून विकला. ढाबेवाला अजून वाट पाहून राह्यला, येणाऱ्या गिऱ्हाइकाले सांगते, “लाजते तो.” तर पाहा, विकाची कला अशी असते.

मी तुझ्या दुकानाचा विचार केला. तू पानभर उश्याच उश्या लावल्या आहेत. पांढऱ्या भिंतीसमोर पांढऱ्या उश्या. कोण पाहीन? माणूस माणसाले पाहते. चाचीचा तो फोटो लाव, सगळ्यात वर. मोठा. अन् खाली जास्त लिहू नको. नुसतं लिही, ‘यवतमाळच्या कापसाची, हातानं भरलेली.’ बस.

नाव बदलू नको, ‘नरम’ चांगलं आहे.

पियूष

ता. क. पोपट आता शिंकला. म्हणजे आवाज आहे त्याले.


लोहारा, २२ सप्टेंबर

पियूष,

तुझं ऐकलं. फोटो लावला. आता काय झालं ते सांगतो, अन् हसू नको.

फोटो लावल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी पुण्याहून एका बाईचा मेसेज आला. आभाताई. जसाच्या तसा लिहितो : ‘फोटोतल्या ताईंकडे बघून डोळे भरून आले. मोकळं कपाळ, मोकळे हात. यवतमाळ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. मिस्टर शेतकरी होते का हो? किती सोसलं असेल. सहा उश्या पाठवा.’

मी तो परत परत वाचला तवा डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात कुंकू कोणीच लावत नाही, हे त्या बाईच्या ध्यानातच आलं नाही. अन् बांगड्या? अम्मी उशी भरताना काढून ठेवते. कोपऱ्यात रुई दाबताना बांगडी फुटली तर काच आत जाईन, कोणाच्या तरी गालाले लागन. म्हणून हात मोकळे. अन् अब्बा तिच्यापासून दहा हातावर मशीनवर बसले होते, तू त्यायले फोटोत घेतलं नाही.

पुण्याच्या बाईनं माझ्या बापाले मारलं, अन् वरून सहा उश्या मागवल्या.

मी उत्तर लिहाले बसलो. ‘ताई, तुमचा गैरसमज झाला.’ इतकं लिहिलं अन् खोडलं. नुसते हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. हात जोडणं म्हणजे काही खोटं बोलणं नाही ना? तिनं ते आपल्या मैत्रिणीयले सांगितलं. आता ऑर्डर येऊन राह्यल्या आहेत, थांबत नाहीत. त्यायले सगळ्यायले त्या ताईचं नाव पाहिजे. काय करू? लवकर लिही.

अम्मी-अब्बाले यातलं काही माहीत नाही. अब्बा इतकंच म्हणे, “तुझ्या अम्मीच्या फोटोत बरकत आहे.”

जीशान


वणी, ८ ऑक्टोबर

अबे जीशान्या,

हसू नको म्हणतो? मी हसलो नाही, उत्तमसिंगच्या पलंगावरून खाली पडलो.

यात घाबराचं काय आहे? तू खोटं बोलला का? नाही. मी खोटा फोटो काढला का? नाही. चाचीनं काही सांगितलं का? नाही. त्या बाईनं आपल्या मनानं गोष्ट बनवली अन् आपल्याच गोष्टीले रडली. तुझं काय जाते? नाटकात माणूस मेला म्हणून कोणी घरी येऊन मयतीची तयारी करते का?

नाव पाहिजे तर नाव दे. जेबा लिहिशील तर सगळी गोष्ट सुटन अन् उश्या घरी वापस येतील. कांताबाई लिही. आमच्या जुन्या घरी भांडे घासाले येत होती कांताबाई, भल्ली मायाळू होती, नाव शकुनाचं आहे. दिवाळी झाली, मशीन वाचली, की हळूच फोटो काढून टाकशील. कोणाले आठवन?

बाकी इकडं फवारणीतल्या विषबाधेच्या बातम्यायनी सगळे हादरले आहेत. उत्तमसिंगचा भाचा दवाखान्यात पडून होता, आता बरा आहे, पण डोळ्यापुढं जाळं येते म्हणते. पेपर वाचवत नाही. मी पुढच्या खेपेले आदिलाबादकडं जाऊन राह्यलो. तिकडं एक किल्ला आहे म्हणतात, त्यात बसून वाघ पाणी पितात. खोटं असन. पण पाहून येतो.

पियूष


लोहारा, १९ नोव्हेंबर

पियूष,

वाघ भेटले का?

इथं मशीन रोज चालते. खरंच सांगतो, रोज. सकाळी पार्सल बांधतो, दुपारी पोस्टात नेतो, पोस्टाची बाई मले पाहून आता कपाळाले हात लावते. खोळी शिवाले लालीबाईले ठेवलं. तिले शनिवारी हप्ता देतो. अब्बा दिवसभर रुईत असतात, संध्याकाळी खोकतात अन् तरी गुणगुणतात. कबाडी परत आलता, अब्बायनं त्याले चहा पाजून हाकलला. चौकीदारीवाल्यायले सांगून टाकलं, माझं पोरगं दुकान चालवून राह्यलं.

आता ज्या गोष्टीची मले झोप नाही ते सांगतो. विक्री कशी वाढते हे मले समजलं आहे. सूट दिल्यानं वाढत नाही. दिवाळीनं वाढली नाही. ज्या दिवशी टीव्हीवर यवतमाळ दिसते त्या दिवशी वाढते. फवारणीची बातमी आली, वाढली. आता बोंडअळीची बातमी आहे, परत वाढली. अब्बा बोंड फोडून दाखवतात, आत किडका कापूस, पिवळा. त्यायचे डोळे भरतात. अन् मी लेका मोबाईल उघडून पाहतो, किती आले.

मी सकाळी उठून पहिले बातम्या पाहतो, पियूष. अन् काहीच वाईट नसलं तर मले बरं वाटत नाही.

कांताबाई हे नाव लावलं. फोनवर मी ‘पियूष’ म्हणून बोलतो. तू तर तुझं नाव वापरून नाही राह्यला. आभाताई मले ‘पियूषजी’ म्हणते. अन् आता ती येऊन राह्यली. डिसेंबरात, दोन मैत्रिणी घेऊन, कांताबाईले भेटाले. साडी आणते म्हणे, फिक्या रंगाची. मी नको म्हणून पाह्यलं, पण तिच्या एका शब्दावर अर्ध्या ऑर्डर येतात.

अम्मीले काय सांगू? अब्बाले कुठं ठेवू? काहून तू इथं नाहीस?

जीशान


वणी, ६ डिसेंबर

जीशान,

किल्ला होता, वाघ नव्हते. बकऱ्या होत्या. त्यायनं माझी चटणी-भाकर खाल्ली. म्हणून यायले उशीर झाला, तुझं पत्र इथं कवाचं पडून होतं.

सोपं आहे. चाचाले त्या दिवशी बोरी अरबले मामूकडं पाठव. काही काम काढ. म्हण, मामूच्या गाद्या पिंजाच्या आहेत. चाचीले म्हण, पुण्याच्या बाया काम पाहाले येतात, तू नुसती उशी भरत बस, बोलणं मी पाहतो. चाची तशीही परक्यापुढं बोलत नाही. दोन तासाचा खेळ आहे. बाया जातील, फोटो काढतील, विक्री आणखी वर्षभर पक्की.

मी येणार होतो पण उत्तमसिंग म्हणे, नागपूरले चल, तिथं संत्र्याची गाडी भराची आहे. संत्रं सोलल्याबरोबर पूर्ण केबिन कसं वास मारते, तुले सांगतो...

जाऊ दे. तू डरू नको. मी पाठीशी आहो.

पियूष


लोहारा, ३० डिसेंबर

पियूष,

सगळं नीट झालं. आभाताई आल्या, खुश होऊन गेल्या. अब्बा बोरी अरबले गेलते, तू सांगितलं तसंच केलं. साडी दिली. फोटो काढले. परत गेल्यावर त्यायनं लांबलचक लिहिलं आमच्याबद्दल. विक्री आता दर दिवशी सारखी आहे, बातमी असो नसो. हेच पाहिजे होतं.

अम्मीची तब्येत जरा नरम आहे. सध्या उश्या लालीबाईच भरते.

तू घाई करून येऊ नको. नागपूर-वणी चालू दे तुझं.

जीशान


बोरी अरब, १४ जानेवारी २०१८

जीशान,

येऊ नको म्हणला म्हणून काल आलतो. मी कवा कोणाचं ऐकलं?

सरळ शेडमध्ये आलो नाही. बाहेर चहाच्या टपरीवर नजीरचाचा दिसले. एकटेच बसले होते. मले पाहून उठले.

“अरे पियूष! बस, बस. दो चाय बनाओ. पैसे मी देतो बरं, माझा आज हप्ता आहे.”

मी म्हणलं, “कायचा हप्ता, चाचा? दुकान तुमचं.”

“दुकान मालकाचं. मी तिथं कामाले आहो.” अन् हसले. मले वाटलं गंमत करतात. मग म्हणलं, “पुण्याच्या बाया आल्या तवा तुम्ही बोरी अरबले होते म्हणे?”

“कोण म्हणे? मी मशीनवर होतो. मामूकडं जा म्हणत होता जीशान, पण ऑर्डर इतकी, रुई पिंजाची कोणी?”

मग त्यायनं सांगितलं. तुझ्याविषयी वाईट बोलले नाही, हे आधी ऐकून घे. सहज सांगत होते, बाजारात काय पाह्यलं ते सांगावं तसं.

“त्या बाईनं तुझ्या चाचीचा हात धरला अन् रडाले लागली. ‘ते गेले, पण तुम्ही उभ्या राहिलात कांताबाई.’ मी आतून ऐकलं. म्हणलं, कोण गेलं बावा? कोण कांताबाई? मशीन बंद करून बाहेर आलो. डोक्यापासून पायापर्यंत रुई. बाई दचकली. ‘हे कोण?’ जीशान म्हणे, ‘आमचे कामगार.’”

मी हातातला चहा खाली ठेवला.

चाचा म्हणे, “पोरगा आहे, निघून गेलं तोंडातून. मी त्याच्याकडं पाह्यलं, तुझ्या चाचीकडं पाह्यलं. अन् मले समजलं बा, की मीच गेलो आहो.”

“मग तुम्ही काय म्हणलं?”

“काय म्हणू? म्हणलं, हो बाई, पिंजण्याचं काम करतो. त्यात खोटं काय होतं? बाईनं जाताना पाकीट दिलं हातात. घेतलं. कामगारानं नाही घेतलं तर तिले शक आला असता.”

“अन् चाची?”

“ती? तिनं उशीले हात लावणं सोडलं. घरात मालकाले ताट वाढते. बोलत नाही. मी म्हणतो, अगं, बोल त्याच्याशी. तर म्हणते, ‘माझा कोणी नाही, मी बेवा आहो ना.’”

मग चाचा उठले. म्हणे, टाइम झाला. मी त्यायच्या मागं मागं गेटपर्यंत आलो. तुले दिसलो नाही. तू टेबलावर मान खाली घालून नोटा मोजत होता. लालीबाईनं हप्ता घेतला. तिच्या मागं चाचा उभे होते. तू मान वर न करता त्यायच्या हातावर पैसे ठेवले. ते म्हणे, “सलाम, मालक.”

तू तवाही वर पाह्यलं नाही.

मी आत आलो नाही. काय म्हणून येऊ? आत एक पियूष आधीच बसला होता. जी गाडी पुढं उभी होती तिच्यात चढलो, ती इथं बोरी अरबले आली. तुझ्या मामूच्या ओट्यावर बसून लिहून राह्यलो. मामू विचारते, यवतमाळचं दुकान कसं चालते. मी म्हणलं, भल्लं चालते.

कांताबाई नाव मीच दिलं, ते मी विसरलो नाही. सगळं काढून टाक, जीशान. फोटो, नाव, सगळं. अन् चाचाले घरी ने.

पियूष


लोहारा, ५ फेब्रुवारी

पियूष,

तुले ते लिहाची माझी हिंमत झाली नव्हती. म्हणून अब्बा बोरी अरबले गेलते असं लिहिलं.

हप्ता मी त्यायले कवाच देऊ केला नव्हता. बाया गेल्या त्याच शनिवारी ते आपल्या मनानं लालीबाईच्या मागं येऊन उभे राह्यले. मी म्हणलं, अब्बा, हे काय? ते म्हणे, “कामगाराचा हप्ता बुडवता का?” तवापासून मले ‘तुम्ही’ म्हणतात. मी रडलो, पाय धरले, माफी मागितली. तवा म्हणे, “उठा मालक, गिऱ्हाईक पाहीन.” मान वर करून पाहाची माझी ताकदच संपली, ते तू गेटवरून पाह्यलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी फोटो काढाले बसलो. खरं लिहून टाकतो म्हणलं, ही माझी अम्मी, हे माझे अब्बा, दोघंही जिवंत आहेत. अब्बा मागं उभे होते. म्हणे, “काढू नका. लोक जिवंत माणसाची उशी घेत नाहीत, ते आपण जुलैत पाह्यलं. विक्री थांबन, मशीन कबाडीत जाईन. मग मी कोणाच्या गेटवर बसू? इथं कमीत कमी रुई तर आहे.”

मी हात मागं घेतला, पियूष. तू मले शिव्या दे. पण तू ट्रकवर आहे, उद्या दुसऱ्या गावात राहशील. मले इथंच उठा लागते सकाळी.

काल आभाताईनं बोलून निरोप पाठवला. मी तो उघडला तवा मोबाईलचा आवाज मोठा होता, अब्बा समोर खोळी मोजत होते. ‘पियूषजी, तुमच्याकडचे ते म्हातारे कामगार माझ्या डोळ्यांसमोरून जातच नाहीत. त्यांचाही फोटो टाका ना. असे राबणारे हात लोकांना बघायला आवडतात.’

मी घाईनं बंद केला. पण त्यायनं ऐकलं होतं. खोळी खाली ठेवल्या, मशीनजवळ जाऊन बसले. टोपी काढून खिशात घातली. म्हणे, “काढा. अन् दाढीचं सांगा, राहू देऊ का उतरवू?”

मी म्हणलं, अब्बा, बस करा.

“गिऱ्हाईक मागते ते द्या लागते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं.”

काढला फोटो. कायले काढला, मले विचारू नको. दाढी राहू दिली. आज सकाळी कॉम्प्युटरवर चढवला, तवा खाली नावाची जागा आली. ती भरल्याबिगर पुढं जातच नाही. शेवटी मशीनचा आवाज थांबला तवा विचारलं, “अब्बा, नाव काय लिहू?”

त्यायनं वळूनही पाह्यलं नाही. मुठीत रुई होती, तिच्यातली सरकी वेचत होते.

“तुमच्या दुकानात जे खपते ते लिहा, मालक.”

जीशान